रक्त येतं म्हणून ब्रश थांबवलास, तिथेच गडबड झाली

पत्र: ताई, माझं वय ३४. वर्षभर झालं, ब्रश केला की थुंकीत रक्त दिसतं, पेरू चावला तरी त्यावर लाल डाग उमटतो. घाबरून मी त्या बाजूला ब्रश लावणंच सोडलं, आता बोटाने लाल मंजन चोळते. इथल्या डेंटिस्टनी क्लिनिंग करून घ्या सांगितलं पण घरात सगळे नको म्हणतात, आमच्या आत्याबाईंनी केलं आणि सहा महिन्यात त्यांचे दात हलायला लागले म्हणे. सासूबाई ६१ वर्षांच्या, लग्नाआधीपासून मिश्री लावतात, शुगर आहे, बीपीची गोळी चालू आहे, खालचे पुढचे दोन दात हलतात. पण दवाखाना म्हटलं की "वय झालं, पडतील तेव्हा पडतील" हेच उत्तर. मिस्टर सिगारेट ओढतात आणि वर मलाच ऐकवतात की माझ्या हिरड्यातून कधी थेंबभर रक्त आलं नाही बघ. आमचा दुसऱ्या बाळाचा विचार चाललाय. क्लिनिंग करू का नको? (कराड तालुक्यातून, नाव छापू नये)

अगं, तू म्हणते हं, माझ्या भाचीच्या वयाची आहेस. एका पत्रात तीन पेशंट आणलेस आणि तिघांची गोष्ट वेगळी आहे, तर आधी तुझं बघू.

करून घे क्लिनिंग. बाळाचा विचार आहे ना, मग तर या महिन्यातच घे उरकून. आणि ब्रश आज रात्रीपासून परत सुरू कर, जिथून रक्त येतं तिथे जास्त. हे वाचून तुला वाटेल ही बाई काय जखमेवर मीठ चोळायला सांगते, पण ती जखम नाहीये. दात आणि हिरडी जिथे भेटतात त्या कडेवर रोज एक चिकट पांढरा थर बसतो, नखाने खरवडलास तर नखात येईल, ते जंतूंचं वारूळच समज. तो थर तिथून हलला नाही की शरीर तिकडे रक्त पाठवतं, हिरडी फुगते, लाल होते, तिची कातडी इतकी नाजूक होते की ब्रश टेकला तरी फुटते. म्हणजे रक्त ब्रशमुळे नाही आलं, त्या थरामुळे आलं. तू रक्त बघून ब्रश बंद केलास, थराला रान मोकळं मिळालं, अजून फुगली, अजून रक्त, आणि तुला वाटलं बघ सोडलं तरी येतंय म्हणजे आत काहीतरी मोठं असणार. माझ्याकडे येणाऱ्या दहातल्या पाच-सहा जणी तरी हेच करून आलेल्या असतात, तू काही एकटी नाहीस.

याचा एक जुना आणि फार छान प्रयोग आहे. १९६५ साली डेन्मार्कमधे हॅराल्ड लो नावाच्या प्रोफेसरांनी १२ जणांना, त्यातले बहुतेक डेंटलचेच विद्यार्थी, दात घासणं पूर्ण बंद करायला लावलं. चांगल्या निरोगी हिरड्या होत्या सगळ्यांच्या. १० ते २१ दिवसात बाराच्या बारा जणांच्या हिरड्या सुजल्या. मग परत घासायला सांगितलं तर आठवड्याभरात बऱ्या. औषध नाही, गोळी नाही, फक्त घासणं. आम्हाला कॉलेजात हे शिकवलं तेव्हा मी नुसतं पाठ केलं होतं, खरं कळलं ते पेशंट बघायला लागल्यावर.

आता तू म्हणशील मग ब्रशच करते, क्लिनिंग कशाला. तर तुझ्या बाबतीत वर्ष गेलंय. तो मऊ थर तसाच राहिला की लाळेतल्या क्षारांनी काही दिवसात कडक होत जातो आणि त्याचा खडा बनतो, आपण कीट म्हणतो तो, आणि तो ब्रशने निघत नाही, मंजनाने नाही, लिंबू-मिठाने तर नाहीच (लिंबाने उलट दातावरचं कवच झिजतं, ते व्हिडिओ बघून प्लीज करू नकोस). जिभेचं टोक खालच्या पुढच्या दातांच्या मागे फिरवून बघ, खडबडीत लागतंय का? तिथे आणि वरच्या दाढांच्या गालाकडच्या बाजूला सगळ्यात आधी साचतं, कारण लाळेच्या नळ्यांची तोंडं तिथेच उघडतात. बोअरच्या पाण्याने नळाच्या तोंडाशी पांढरं जमतं ना, तसंच. खडा खरखरीत असतो, त्यावर नवा थर लगेच चिकटतो, म्हणून आधी तो काढावा लागतो, मग तुझ्या ब्रशला अर्थ राहतो.

आणि आत्याबाई. हा प्रश्न मला इतक्यांदा विचारलाय की आता मी पेशंट खुर्चीत बसायच्या आधीच सांगून टाकते. आपल्याकडच्या जुन्या घरात लाकडी खांबाला वाळवी लागायची, आठवतंय? बाहेरून मातीचा जाड लेप आणि आतून खांब पोकळ. ती माती कुणी खरवडली की खांब डुगडुगतो. आता म्हणायचं का की माती खरवडणाऱ्याने खांब पोखरला? आत्याबाईंच्या हिरड्यांखालचं हाड आधीच गेलेलं असणार, शेजारशेजारच्या दातांना त्या खड्यानेच एकमेकांना जखडून धरलं होतं, तो निघाला आणि हलणं दिसायला लागलं. त्यात सूज उतरली की हिरडी आकसते, दातांच्या मधे फटी दिसतात, गार पाणी झोंबतं, मग माणूस म्हणणारच की चांगले होते दात, या बाईने बिघडवले. पण खरी चूक आमच्या लोकांची पण असते हं, आधी सांगत नाहीत. तुला मी आत्ता सांगून ठेवते: क्लिनिंगनंतर काही दिवस ते दोन-तीन आठवडे गार-गरम लागेल, जिभेला दात परके वाटतील, मधे मोकळं मोकळं वाटेल. ते नॉर्मल आहे. सेन्सिटिव्हिटीची पेस्ट तेवढे दिवस वापर, जाईल.

आता जरा दातांच्या खाली काय चालतं ते सांगते कारण सासूबाईंचं प्रकरण त्याशिवाय कळणार नाही. नुसती हिरडी सुजलेली असते तोवर सगळं परत फिरवता येतं, डेन्मार्कच्या त्या पोरांसारखं. पण तो थर आणि खडा हिरडीच्या खाली उतरला की दात आणि हिरडी यांच्यात खिसा तयार होतो, आम्ही पॉकेटच म्हणतो, आणि मग शरीर जंतूंशी भांडता भांडता आपलंच हाड विरघळवायला लागतं. हा झाला पायरिया. गेलेलं हाड आपसूक परत येत नाही. जे आहे ते टिकवायचं एवढंच हातात राहतं. आणि याची सगळ्यात वाईट गोष्ट म्हणजे हे दुखत नाही. किडलेली दाढ रात्री झोपू देत नाही म्हणून माणूस पळत येतो, पायरिया मात्र वर्षानुवर्षं गपगुमान पोखरत बसतो.

माझ्याकडे एकदा एक आजी आल्या होत्या, पदराची गाठ सोडली आणि त्यातून एक दात काढून माझ्या तळहातावर ठेवला. म्हणाल्या, "बाई, भाकरीच्या घासात आला बघ, दुखलं नाही का काही नाही, आणि कीड तर कुठंच नाही." खरंच नव्हती. सबंध अखंड दात होता. फक्त मुळावर, अगदी टोकाच्या जवळपर्यंत, काळपट हिरवा खडबडीत खडा बसलेला, मूळ दिसतच नव्हतं. जिथे हाड असायला हवं तिथे तो होता. मी तो दात धुवून कित्येक दिवस टेबलावर एका डबीत ठेवला होता, लोकांना दाखवायला. शंभर लेक्चरचं काम तो एकटा करायचा.

म्हणून डेंटिस्टकडे गेलीस की नुसतं "क्लिनिंग करा" म्हणू नकोस, विचार की माझे पॉकेट मोजणार का. एक बारीक सळई असते, तिच्यावर मिलिमीटरच्या खुणा असतात, ती दात आणि हिरडीच्या मधे हळूच घालून मोजतात, एका दाताभोवती सहा ठिकाणी. १ ते ३ मिमी म्हणजे ठीक. ४ च्या पुढे गेलं की तिथे ब्रश पोचत नाही, खोलवर सफाई लागते, भूल देऊन, दोन-चार बैठकांत. तुझं वय आणि लक्षणं बघता बहुतेक साध्या स्केलिंगवर, म्हणजे नेहमीच्या क्लिनिंगवर, भागेल असं वाटतं पण मोजल्याशिवाय आणि गरज लागली तर एक्स-रे बघितल्याशिवाय कुणीच खात्रीने सांगू नये, मीही नाही. परवडण्याचा प्रश्न असेल तर डेंटल कॉलेजात जा. मुंबईत नायरचं आणि सीएसएमटीजवळचं सरकारी, नागपूरला, संभाजीनगरला सरकारी आहेत, आणि तुमच्या तर कराडमधेच डेंटल कॉलेज आहे. खासगीपेक्षा पैसे बरेच कमी लागतात, वेळ जातो, विद्यार्थी करतात पण डोक्यावर मास्तर उभे असतात, आणि खरं सांगू, मोजमाप तिथे जास्त नीट होतं कारण त्याचे मार्क असतात.

ब्रश कसा करायचा हे लिहायला मला लाज वाटत नाही कारण चांगले इंजिनिअर झालेले लोक मला आरशासमोर चुकीचं करून दाखवतात. सॉफ्ट ब्रश घे, मिडियमसुद्धा नको. तो तिरका असा धर की अर्धे केस दातावर आणि अर्धे हिरडीच्या कडेवर टेकतील, केसांचं तोंड हिरडीकडे, आणि जागच्या जागी थरथरव, तवा घासल्यासारखं आडवं रेटू नकोस. दोन-दोन दात करत पुढे सरक. खालच्या पुढच्या दातांच्या मागे ब्रश उभा धर, नाहीतर तो तिथे पोचतच नाही आणि खडा नेमका तिथेच होतो. दोन मिनिटं लागतात, घड्याळ लावून बघ, दोन मिनिटं किती लांब असतात ते कळेल. रात्रीचा ब्रश चुकवायचा नाही, एक वेळ सकाळचा घाईत झाला तरी चालेल. फ्लोराइडची कुठलीही साधी पेस्ट, पुरणाएवढी नाही, वाटाण्याएवढी. झाल्यावर थुंक, पण खळाखळा चुळा भरून सगळी पेस्ट धुवून टाकू नकोस. आणि ते लाल मंजन बंद, बोटाने हिरडी चोळली जाते, दातांच्या मधे बोट जात नाही, आणि खरखरीत पावडरीने मुळाशी दात झिजतात ते वेगळंच. राखुंडी, कोळसा, विटेची पूड, हे सगळं त्याच खात्यात.

दातांच्या मधली जागा ब्रशच्या आवाक्यात नसते, हिरड्यांचा आजार मात्र बरेचदा तिथूनच सुरू होतो. फट बारीक असेल तर फ्लॉस, मोठी असेल तर तो बाटली धुवायच्या ब्रशचं पिल्लू दिसतं ना, इंटरडेंटल ब्रश, तो. मेडिकलमधे मिळतो, साइज डेंटिस्टकडून ठरवून घे. पहिले आठ-दहा दिवस त्यानेही रक्त येईल, फ्लॉस काढून वास घेशील तर तुला कळेल मी का मागे लागले. सेफ्टी पिन आणि काडी मात्र नको, आपल्याकडे जेवण झालं की मंगळसूत्रातली पिन काढायची सवय बऱ्याच जणींना आहे.

माउथवॉशबद्दल विचारलं नाहीस पण मेडिकलवाला देईलच. क्लोरहेक्सिडीनचा असेल तर तो औषध आहे, डॉक्टरांनी सांगितला तर तेवढे दिवस, साधारण दोन आठवडे, रोजचा नाही. जास्त दिवस वापरला की दातांवर तपकिरी डाग पडतात, त्यात आपला दिवसाला चार वेळा चहा, आणि तोंडाची चव जाते. पेस्टनंतर लगेच घेतलास तर त्याचा उपयोगही कमी होतो, अर्धा तास जाऊ दे. कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्यांनी बरं वाटतं, जरूर कर, पण खडा त्याने विरघळत नाही. अँटिबायोटिकची पट्टी स्वतःच्या मनाने आणून खाणं बंद. आणि व्हिटॅमिन सीच्या गोळ्या चघळून रक्त थांबेल ही आशा सोड, रोज भाजी-फळं खाणाऱ्या माणसात रक्त यायचं कारण सहसा ते नसतंच.

बाळाचं म्हणत होतीस. दिवस गेले की हार्मोन्समुळे हिरड्या त्याच थराला दुप्पट चिडतात, आधीच सुजलेल्या असल्या तर विचारूच नकोस. म्हणून आत्ताच करून घे. पण समजा मधेच गोड बातमी आली तर घाबरून दात घासणं किंवा डॉक्टर सोडू नकोस, गरोदरपणात क्लिनिंग करता येतं, मधले तीन महिने सगळ्यात सोयीचे, फक्त सांगायचं की दिवस गेलेत.

आता तुझे मिस्टर. त्यांना हा परिच्छेद वाचून दाखव, मी सांगितलं म्हण. सिगारेट ओढणाऱ्याच्या हिरडीत रक्त कमी दिसतं ही निरोगीपणाची खूण नाही, निकोटीनने तिथल्या रक्तवाहिन्या आवळल्या जातात म्हणून धोक्याची घंटाच वाजत नाही. आतून हाड मात्र न ओढणाऱ्यापेक्षा जास्त वेगाने जातं आणि ट्रीटमेंट केली तरी हिरडी नीट भरून येत नाही. तुला रक्त आलं म्हणून तू पत्र तरी लिहिलंस. त्यांनी सिगारेट सोडली आणि पहिल्या काही आठवड्यात रक्त दिसलं तर "सोडल्यामुळे बिघडलं" म्हणून परत पाकीट आणायचं नाही, घंटा चालू झाली एवढंच.

सासूबाई. त्यांच्याशी भांडू नकोस. मिश्री म्हणजे तव्यावर काळी होईपर्यंत भाजलेली तंबाखूच, पण त्यांना ती कुणी व्यसन म्हणून दिली नाही, दाढ ठणकली म्हणून आईने नाहीतर सासूने बोटावर दिली असणार. मग सकाळी लावल्याशिवाय पोट साफ होईना, मग धुण्याच्या आधी एकदा, दुपारी एकदा. दंतमंजनात तंबाखू घालायला १९९२ पासून आपल्याकडे बंदी आहे पण मिश्री काही बंद झाली नाही, घरीच भाजतात. एकदम तोडायला लावलंस तर डोकं दुखेल, चिडचिड होईल, पोटाची तक्रार होईल, तेव्हा डॉक्टरांशी बोलून करा, १८००-११-२३५६ हा सरकारचा फुकट फोन नंबर आहे तंबाखू सोडण्यासाठी, तिथे बोलता येतं. आणि दातांच्या आधी त्यांचं तोंड आतून बघायला हवं, गालाच्या आत, ओठामागे, जिथे मिश्री लावतात तिथे पांढरा चट्टा, लाल चट्टा, दोन आठवड्यात न भरलेली जखम, असं काही आहे का. हे मी घाबरवायला लिहीत नाहीये, पण दात राहिले बाजूला, हे लवकर दाखवा.

शुगर आणि हिरड्या यांचं दोन्हीकडून जमतं. शुगर वाढली की हिरडी लवकर बिघडते आणि बरी व्हायला वेळ लावते, आणि हिरडीत सतत पू-सूज असली की शुगर आटोक्यात यायला त्रास देते. पायरियाची नीट ट्रीटमेंट झाली तर तीन-चार महिन्यांनी एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी रक्ताची तपासणी) अर्ध्या टक्क्याच्या आसपास खाली येतो असं अभ्यासात दिसलंय, म्हणजे शुगरच्या गोळ्या सोडायच्या असं नाही पण डॉक्टर ज्याच्यासाठी एखादी गोळी वाढवतात त्याला हातभार. आणि बीपीची गोळी कुठली आहे ते पत्रात लिहिलं नाहीस. अॅम्लोडिपिन असेल तर काही लोकांत त्याने हिरड्या वाढून दातांवर चढतात. तसं दिसत असेल तर ज्यांनी गोळी दिली त्यांना सांगा, ते बदलून देतील. आपली आपण बंद करायची नाही, दातासाठी बीपी वाढवून ठेवण्यात काय शहाणपण.

"वय झालं" हे मात्र मी ऐकून घेणार नाही. ६१ हे काय वय आहे. दात वयाने पडत नाहीत, हाड गेल्याने पडतात. हां, कुणीतरी म्हणेलच की आमच्या आजोबांनी आयुष्यात ब्रश धरला नाही आणि नव्वदीत ऊस सोलून खायचे. असतात असे. त्याच लो साहेबांनी श्रीलंकेत चहाच्या मळ्यात काम करणारे ४८० पुरुष १५ वर्षं तपासले, त्यांना दातांची काळजी अशी कुठलीच मिळत नव्हती. ११ टक्के लोकांचं हिरडी सुजण्यापलीकडे काही बिघडलं नाही, ८१ टक्क्यांचं हळूहळू बिघडत गेलं आणि ८ टक्क्यांचं फार वेगाने. तुमचे आजोबा त्या अकरातले. सासूबाई नाहीत, हे त्यांच्या दोन दातांनीच सांगितलंय.

ते दोन हलणारे दात काढायचेच असं नाही. पुढेमागे हलत असतील तर खोल सफाई करून, मागून बारीक तार किंवा पट्टीने शेजारच्या दातांना बांधून बरीच वर्षं चालवता येतात. वरखाली हलत असतील, दाबलं की आत जातात असं वाटत असेल, तर मग ते गेलेच. वरचे दात काढले की डोळे जातात वगैरे कुणी सांगितलं तर हसून सोडून दे, आणि इथे तर खालचे आहेत.

त्यांना नेशील तेव्हा सकाळची वेळ घे, नाश्ता करून, शुगरची गोळी रोजच्यासारखी घेऊन, उपाशी अजिबात नाही. सगळ्या गोळ्यांची पिशवी उचलून ने, नावं सांगत बसू नकोस. रक्त पातळ करायची गोळी असेल तर आधीच सांग. शेवटचा एचबीएवनसीचा कागद ने. मिश्रीची डबी घरी राहू दे. आणि "दात काढायला चाललोय" असं म्हणू नकोस त्यांना, नुसतं म्हण तुझं क्लिनिंग आहे, सोबत चला, एकटीला भीती वाटते. सासवा या कारणाला सहसा नाही म्हणत नाहीत. तिथे खुर्चीत आधी तू बस, त्यांना बघू दे.

एक राहिलं. क्लिनिंग होऊन, नीट ब्रश करूनही दोन-तीन आठवड्यात तुझं रक्त कमी झालं नाही, किंवा मधेच ताप, अंगावर निळे डाग, फार थकवा असं काही दिसलं, तर डेंटिस्टची वाट बघत बसू नकोस, फॅमिली डॉक्टरांकडे जाऊन रक्ताची साधी तपासणी करून घे. बहुतेक वेळा त्यात काही निघत नाही, पण तेवढी करायची. आणि पॉकेटचे आकडे लिहून आण, ४ च्या वर किती ठिकाणी आहे ते मला कळव, मग पुढचं बोलू.